साबू तो इची तोरिमोनो हिकाए

शोतारो इशिनोमोरी (१९३८–१९९८) या जपानी चित्रकथाकाराची, एदो काळातील (१६०३–१८६८; एदो म्हणजे आजचे टोकियो) गुन्हेतपासावरची गाजलेली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मालिका. शीर्षकाचा अर्थ साधारणपणे ‘साबू आणि इची यांच्या धरपकडीच्या नोंदी’ असा. १९६६ मध्ये ‘शोनेन संडे’ या मुलांच्या साप्ताहिकात ती सुरू झाली. १९६८ मध्ये त्याच शोगाकुकान प्रकाशनाने प्रौढ वाचकांसाठी ‘बिग कॉमिक’ काढले, तेव्हा ती तिकडे गेली आणि १९७२ पर्यंत चालली.

साबू हा तरणाबांड, तापट आणि भाबडा. शहरातल्या एका खबऱ्याच्या हाताखाली काम करणारा. इची वयाने मोठा, आंधळा, पोटापाण्यासाठी मालिश करणारा. त्याच्या काठीत तलवार दडवलेली असते. दोघे मिळून खून, चोऱ्या, अपहरणे यांचा छडा लावतात. बहुतेक कथा स्वतंत्र आहेत, त्यामुळे मालिका कुठूनही वाचायला घेता येते.

एदोतल्या तपासकथांची परंपरा जपानी वाचकाला नवी नव्हती. ओकामोतो किदो यांनी शेरलॉक होम्स वाचून प्रेरणा घेतली आणि १९१७ मध्ये हान्शिची या खबऱ्याच्या कथा लिहायला घेतल्या. तिथून हा प्रकार रुजला. पुढे १९३१ मध्ये नोमुरा कोदो यांचा हेइजी हा खबरी आला, तो तर पळणाऱ्या गुन्हेगाराला नाणी फेकून मारायचा. इशिनोमोरींनी साचा तोच घेतला, पण हुशार नायक आणि त्याचा बावळट साथीदार ही जोडी मोडून टाकली. इथे दोघेही एकमेकांवाचून अपुरे आहेत.

या कथा नीट कळायच्या तर एदोचा पोलिसी कारभार ठाऊक हवा. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात सामान्य नगरवासीयांसाठी उत्तर आणि दक्षिण अशा दोन कचेऱ्या होत्या आणि त्या महिन्याआड आळीपाळीने नवी प्रकरणे दाखल करून घेत. प्रत्येक कचेरीत पंचवीसेक वरिष्ठ अंमलदार (योरिकी) आणि शंभरावर कनिष्ठ शिपाई (दोशिन). एवढ्यांत शहर सांभाळणे अशक्यच. म्हणून दोशिन स्वतःच्या खिशातून खबरी (ओकाप्पिकी) पाळत. सरकारदरबारी त्यांना स्थान नव्हते आणि त्यांतले बरेचसे स्वतःच जुने गुन्हेगार असत. साबू या उतरंडीच्या अगदी तळाशी, म्हणजे खबऱ्याचा हस्तक. शिवाय सामुराईंचे वाडे आणि मंदिरांची आवारे या कचेऱ्यांच्या हद्दीबाहेर. आरोपी त्या भिंतीपलीकडे गेला की साबूचे हात बांधलेले. अशा कथांतली चुटपुट बरेचदा इथूनच येते: गुन्हेगार कोण ते कळते, पण न्याय मिळेलच असे नाही.

एक गोष्ट मात्र कल्पनेतलीच. प्रत्यक्षात त्या काळी शिक्षेसाठी पुराव्यापेक्षा कबुलीजबाब महत्त्वाचा होता आणि तो काढण्यासाठी छळाचीही मुभा होती. धागेदोरे जुळवत सत्यापर्यंत पोहोचणारा तपास हे विसाव्या शतकाने एदोवर चढवलेले कलम आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, इतिहास म्हणून ते वाचू नये एवढेच.

इचीचे पात्र याहून घट्टपणे त्या काळात रुजलेले आहे. एदोत अंधांची स्वतःची श्रेणीबद्ध संघटना होती. वाद्यवादन, मालिश, सुया टोचण्याचे उपचार आणि सावकारी हे त्यांचे व्यवसाय. आंधळा मालिशवाला रात्री छोटी शिट्टी फुंकत गल्लीबोळांतून फिरे आणि गिऱ्हाईक त्याला घरात बोलावून घेई. गुप्तहेराला याहून सोयीचा धंदा कुठला? श्रीमंताच्या माजघरात शिरकाव, मोकळी सुटलेली जीभ, आणि ऐकणाऱ्याला दिसत नाही म्हणून समोरचाही बेसावध. आंधळा तलवारबहाद्दर ही कल्पना मात्र मूळची इशिनोमोरींची नव्हे. झातोइची या आंधळ्या तलवारबाजाचे चित्रपट १९६२ पासून जपानभर गर्दी खेचत होते आणि ते ऋण उघड आहे.

मालिकेचा खरा मोठेपणा रेखाटनात आहे. ‘बिग कॉमिक’मधल्या कथांत रहस्य कधीकधी तिसऱ्या पानावरच ओळखू येते, तरी वाचक थांबत नाही, कारण लक्ष पावसावर, बर्फावर, उन्हाळ्याच्या घामेजल्या रात्रीवर असते. चौकटींमागून चौकटी शब्दावाचून जातात. अंधारात पान जवळजवळ काळे होते आणि माणसांच्या नुसत्या कडा उरतात. इचीला जे ऐकू येते ते वाचकाला डोळ्यांनी द्यायचे, ही अडचणच इशिनोमोरींच्या पथ्यावर पडली. मुलांच्या साप्ताहिकातले सुरुवातीचे भाग त्यामानाने ठोकळेबाज, मारामारीवर भिस्त असलेले.

या मालिकेसाठी इशिनोमोरींना १९६८ चा शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिच्यावरची कृष्णधवल ॲनिमेशन मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि तिचे ५२ भाग झाले. तरीही जपानबाहेर इशिनोमोरी ओळखले जातात ते ‘सायबॉर्ग ००९’ आणि ‘कामेन रायडर’ या अचाट शक्तीच्या नायकांच्या मालिकांमुळे. साबू आणि इची त्या झगमगाटात मागे पडले. फ्रेंचमध्ये ‘काना’ प्रकाशनाने ही मालिका चार जाडजूड खंडांत आणली असून जपानी न येणाऱ्यांना तिच्यातून बराच मोठा भाग वाचायला मिळतो.