ताजा मासा, जिवंत अळी

रत्नागिरी-मालवणच्या खडपांवर हल्ली रील लावलेल्या काठ्या घेऊन गरवणारी पोरं बरीच दिसतात. तांबोसा लागतो, गोब्रा लागतो, नशीब जोरावर असेल तर होडीतून कुपाही (ट्यूना) मिळतो. यातल्या काही घरांत आता मासा तव्यावर जायच्या आधीच पानात येऊ लागला आहे. पातळ काप, वर लिंबू, मीठ, थोडी मिरची. ‘आत्ता पाण्यातून काढलाय, याहून ताजं काय असणार?’ असं त्यांचं म्हणणं असतं. जिवाणूंच्या बाबतीत ते अर्धं खरं आहे. अळीच्या बाबतीत मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. मासा जितका ताजा, तितकी त्यातली अळीही धडधाकट.

या अळीचं नाव अनिसाकिस. डॉल्फिन आणि देवमाशांच्या जठरात ती वयात येते आणि अंडी घालते. विष्ठेवाटे अंडी समुद्रात पडतात. त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्यांना कोळंबीच्या गोतातले बारीक जीव खातात, त्या जीवांना मासे आणि माकुल (स्क्विड) खातात, लहान माशाला मोठा मासा गिळतो, आणि दर वेळी अळी नव्या पोटात मुक्काम हलवते. आपल्या किनाऱ्यावर या साखळीतला एकही दुवा कमी नाही. दापोली, गुहागर, मालवणला डॉल्फिन दाखवायला होड्या निघतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलं होतं. या कुळातल्या अळ्या भारताच्या किनाऱ्यावरच्या बांगड्यातही सापडल्या आहेत.

माणसाच्या पोटात तिची पुढची वाढ होत नाही, ती मरून जाते. पण त्याआधी जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात डोकं खुपसते. कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांतच पोटात जीवघेणी कळ येते, मळमळ होते, उलट्या होतात. आतड्यात गेली तर दुखणं काही दिवसांनी सुरू होतं आणि अपेंडिक्सची शंका घेतली जाते. १९६० मध्ये नेदरलँड्समधल्या व्हॅन थील यांनी हलकं मीठ लावलेला कच्चा हेरिंग मासा खाणाऱ्यांच्या पोटदुखीमागे ही अळी असल्याचं दाखवून दिलं. १९६८ मध्ये त्या देशाने हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती केली आणि तिथला हा आजार जवळपास थांबला.

आता लिंबाचं. लिंबाच्या किंवा आगळाच्या आंबटाने माशाचं मांस पांढरं पडतं, घट्ट होतं, शिजल्यासारखं दिसतं. बदलतात ती फक्त मांसातली प्रथिनं. अळीला काही होत नाही. जिचं आयुष्य देवमाशाच्या जठरातल्या आम्लात जायचं, तिला कोकमाची काय भीती! प्रयोगशाळेत माशातल्या अळ्या शोधायची एक पद्धत तर यावरच उभी आहे: मांस पेप्सिन (जठरातलं पाचक द्रव्य) आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात, मांस विरघळून जातं आणि अळ्या जिवंत उरतात. व्हिनेगर, हळद-मीठ, वाटलेली मिरची, लसूण यांच्यावरही भरवसा ठेवू नये.

अळी मरते ती उष्णतेने किंवा कडक थंडीने. कच्च्या खायच्या माशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घालून दिलेला दंडक असा: उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ७ दिवस, नाहीतर उणे ३५ अंशांवर पूर्ण गोठवून त्याच तापमानाला १५ तास. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा चांगला असला तरी उणे १८ च्या आसपास थांबतो, जुन्या एकदारी फ्रीजमध्ये तेवढाही जात नाही. त्यातून पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. म्हणून माझं स्पष्ट मत असं की तापमान मोजता येणारा वेगळा डीप फ्रीजर नसेल, तर स्वतः पकडलेला मासा घरी कच्चा खाऊच नये. गोठवल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. उबदार किनारी पाण्यातला व्हिब्रिओ हा जिवाणू कच्च्या माशातून, कालवांतून जुलाब देतो.

‘मग हॉटेलात सॅल्मन कच्चा कसा देतात?’ असं कोणी विचारेल. मत्स्यशेतीत वाढवलेला सॅल्मन कारखान्यात बनवलेलं खाद्य खातो, त्यामुळे अळीची साखळी तिथे तुटते. काही मोठ्या जातींच्या कुप्यांनाही त्या अमेरिकी दंडकात गोठवण्यातून सूट आहे, पण आपल्याकडे मिळणारे लहान जातींचे कुपे त्या यादीत नाहीत.

मासा शिजवूनच खायचा असला तरी तो लगेच साफ करावा. अळ्या बहुतेक करून आतड्याभोवती आणि यकृतावर असतात. मासा मेल्यावर तसाच ठेवला तर त्यातल्या काही पोटाकडच्या मांसात शिरतात. म्हणून खडपावरच पोट फाडून आतडी काढावीत, पोटाची पोकळी धुवावी आणि मासा बर्फात ठेवावा. बर्फाचं आणखी एक कारण आहे. उन्हात राहिलेल्या बांगड्यात, तारलीत, कुप्यात हिस्टामिन हे बाधणारं रसायन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. कापताना उजेडाकडे धरून पाहा: अनिसाकिस पांढुरकी, दोन-तीन सेंटिमीटर लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. कल्ल्यांत सापडणारा पायांचा किडा मात्र माणसाला बाधत नाही. अर्थात पाहून अळी दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं समजू नका.

शिजवताना गाभ्यात ६३ अंश सेल्सिअस गाठलं की पुरे. कालवणातल्या तुकडीला ते सहज मिळतं. घोळ होतो तो शेकोटीवर अख्ख्या भाजलेल्या मोठ्या माशात: कातडी करपते आणि काट्यालगतचं मांस काचेसारखं राहतं. ते अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटायला हवं. गाबोळीही आतपर्यंत शिजवा.

गोड्या पाण्याचा मासा तर लिंबू लावून तोंडात टाकायचा विचारही करू नये. पहिल्या पावसातले चढणीचे मासे, मरळ, वहाळातले खेकडे, सगळे नीट शिजलेच पाहिजेत. गोड्या पाण्यातल्या माशांतून माणसात येणारी नॅथोस्टोमाची अळी कातडीखाली, क्वचित डोळ्यात किंवा मेंदूतही फिरते. कच्च्या-अर्धकच्च्या खेकड्यांतून होणारा फुप्फुसाचा कृमिरोग मणिपूर, नागालँडमध्ये आढळतो. त्यात खोकल्यातून रक्त पडतं आणि तो क्षयरोग समजून भलतेच उपचार चालू राहतात.

कच्चा मासा खाल्ल्यावर पोटात कळ आली, तर डॉक्टरांना काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं ते आपणहून सांगा. जठरातली अळी एंडोस्कोपीने चिमट्यात पकडून काढता येते आणि बहुतेकांना लगेच आराम पडतो. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर तातडीने दवाखाना गाठा. ती अळीची ॲलर्जी असू शकते. तशी ॲलर्जी जडलेल्या काहींना पुढे शिजवलेल्या माशातल्या मेलेल्या अळीचाही त्रास होतो, कारण ॲलर्जी आणणारी तिची काही प्रथिनं उष्णतेने नष्ट होत नाहीत.