पडद्यावरचा चाकरमानी : स्थलांतराच्या माहितीपटांची पार्श्वभूमी

डिसेंबर 1901 मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईत चौपाटीवर कॅमेरा लावला. केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर, म्हणजे परीक्षेत पहिले, झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले होते आणि लोक त्यांच्या स्वागताला जमले होते. भारतीय माणसाने टिपलेल्या अगदी सुरुवातीच्या वार्तापटांत या चित्रणाची गणना होते. परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. आपल्याकडच्या वास्तव चित्रणाच्या उंबरठ्यावरच परमुलखातून आलेला एक कोकणी माणूस उभा आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते. चित्रण अर्थातच मूक होतं. गर्दी दिसायची, सत्कार दिसायचा, पण रँग्लरसाहेब काय बोलले ते ऐकू येण्याची सोयच नव्हती.

स्थलांतरितांवरच्या माहितीपटांचा इतिहास पाहताना हाच धागा हाती धरावा, असं माझं मत आहे. पडद्यावर दिसणारा माणूस स्वतः कधी बोलू लागला? कोणाशी बोलला? आणि त्याच्या मागे गावात राहिलेल्यांचं बोलणं कोणी ऐकलं का?

सावेदादांच्या पाठोपाठ, 1903 मध्ये, एडिसनच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरणारे लोक चित्रित केले. डोक्यावर, खांद्यावर बोचकी घेतलेली युरोपातली माणसं फळीवरून उतरतात आणि चौकटीबाहेर जातात. बस, एवढंच. ती कुठून आली, घरी कोणाला ठेवून आली, हे कॅमेऱ्याला ठाऊक नाही. पुढे कित्येक दशकं स्थलांतरिताचं चित्र असंच राहिलं. कॅमेरा उतरण्याच्या धक्क्यावर, आणि निघण्याचं बंदर अंधारात.

निघण्याचं बंदर कसं असतं, ते कोकणाला विचारावं. 1850च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत रत्नागिरी जिल्हा (त्यात आजचा सिंधुदुर्गही आला) मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणारा सगळ्यात मोठा मुलूख झाला. कारणं सांगायला फार लांब जावं लागत नाही. डोंगरउताराची जमीन, भाताचं एकच पीक आणि वर खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्याचं, देणं. खोती कायद्याने गेली तीच मुळी स्वातंत्र्यानंतर. घरातला एक मुलगा गिरणीत, दुसरा गोदीत किंवा जहाजावर, आणि शेत बायकांच्या हाती, अशी वाटणी होऊन गेली. किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान घरांतले पुरुष तर पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर खलाशी म्हणून गेले. काही कुटुंबं थेट दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला स्थायिक झाली. अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल, ज्यांना इथे शनिवार तेली म्हणत, ते 1948 नंतर इस्रायलला जाऊ लागले. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली, आणि 1964 साली तिथल्या संसदेने ठराव करेपर्यंत त्यांना झगडावं लागलं. एवढ्याशा किनाऱ्यावरून इतक्या दिशांना माणसं गेली.

मुंबईची वाट समुद्रातून होती. पुष्कळ बंदरांत बोट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि ट्रंका, वळकट्या, फणस, लेकरं असं सगळं पडावातून, म्हणजे होडीतून, तिच्यापर्यंत न्यावं लागायचं. समुद्र खवळलेला असला तर पडाव वर गेला की उडी मारायची, खाली गेला की थांबायचं. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबागच्या बाजूला अजूनही त्या दिवसाच्या आठवणी सांगितल्या जातात. ही सगळी वाट सांगण्या-ऐकण्यातच राहिली.

मुंबईत गावकीची खोली असायची. पाळ्या बदलतील तसे एकाच वळकटीवर दोघे-तिघे आळीपाळीने झोपत, जेवण खाणावळीत. गावाकडे महिन्याला मनीऑर्डर जाई. तिच्या फॉर्मला खाली निरोपासाठी चिंचोळी जागा असे. ‘पैसे पाठवले आहेत, मिळताच कळवावे, म्हातारीला औषध आणावे,’ एवढं त्यात कसंबसं मावे. घरच्या बाईला वाचता येत नसेल तर तो निरोप पोस्टमन ओटीवर बसून मोठ्याने वाचायचा, आणि शेजारपाजारही ऐकायचा. नवराबायकोचं महिन्याभराचं बोलणं असं चारचौघांत दोन ओळींत आटपायचं. माहितीपटवाल्यांनी स्थलांतराचा अभ्यास करायचा तर या दोन ओळींपासून सुरुवात करावी, असं मला फार वाटतं.

आवाजाकडे वळू. 1935 मध्ये ब्रिटनमध्ये एडगर ॲन्स्टी आणि आर्थर एल्टन यांनी ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ केला. त्यात लंडनच्या गरीब वस्तीतली माणसं आपल्या घरात उभी राहून उंदरांबद्दल, ओल धरलेल्या भिंतींबद्दल स्वतः कॅमेऱ्याशी बोलली. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. पण स्थलांतरितांच्या बाबतीत खरी उडी 1958 ची. नायजरमधून कामासाठी आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात आलेल्या पोरांवर फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रूश यांनी ‘म्वा, अँ न्वार’ (‘मी, एक काळा माणूस’) हा चित्रपट केला. कॅमेरा हाताने चावी देण्याचा, त्यामुळे एका वेळी जेमतेम पंचवीस सेकंद चालणारा. सोबत आवाज घेण्याची सोय नाही. मग रूश यांनी चित्रण त्या पोरांनाच दाखवलं आणि त्यावर त्यांनाच बोलायला सांगितलं. गोदीत ओझी उचलणारा उमारू गांदा आपल्याच चित्राकडे बघत बोलत सुटला: पैसा नाही, पोरगी मिळत नाही, युद्धातून आलो ते काय कामाला आलं. हाच गांदा पुढे मायदेशी जाऊन स्वतः दिग्दर्शक झाला. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत आनंदाचा प्रसंग आहे.

आपल्याकडे 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी तिचे वार्तापट, माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं, त्यामुळे परळ-लालबागचा गिरणी कामगार माहितीपटाचा नेमाने प्रेक्षक होता. धरणं, पोलादाचे कारखाने, पंचवार्षिक योजना त्याने पुष्कळ पाहिल्या. चित्रं तीच, आणि वरून एक घोटीव आवाज, प्रत्येक भाषेत वेगळा निवेदक. एस. एन. एस. शास्त्रींच्या 1967 च्या ‘आय ॲम 20’मध्ये साध्या तरुणांना मोकळेपणी बोलू दिलं, असे अपवाद आहेत आणि ते सुंदर आहेत. एरवी ज्याच्याबद्दल बोलायचं तो गप्प, हाच रिवाज. यात खर्चाचाही भाग होता. 16 मिलिमीटरचं चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. गावाकडची आजी मूळ मुद्द्यावर यायलाच वीस मिनिटं घेते.

हा रिवाज मोडण्यात आनंद पटवर्धनांचा वाटा मोठा. कॅनडात शिकत असताना त्यांना तिथल्या भारतीय शेतमजुरांचं जिणं दिसलं. ब्रिटिश कोलंबियातल्या या मजुरांच्या, मुख्यतः पंजाबी कुटुंबांच्या, संघटनेवर त्यांनी जिम मन्रो यांच्यासोबत 1981 मध्ये ‘अ टाइम टू राइज’ केला. 1985 मध्ये ‘हमारा शहर’ आला, मुंबईच्या पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांवर. त्यात घर मोडलेली एक बाई चित्रीकरण करणाऱ्यांवरच संतापते, आमचे फोटो काढून तुम्ही काय करणार म्हणून विचारते. दिग्दर्शकाने ते कापलं नाही, याला मी फार मानतो. त्या क्षणी ती बाई माहितीपटाची सामग्री राहत नाही, ती समोरच्याला जाब विचारणारी माणूस होते.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरणगावाचं कंबरडं मोडलं. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि कित्येकजण कोकणात परतले ते कायमचेच. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 2001 चा ‘साचा’ हा माहितीपट नारायण सुर्वे यांच्या कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रं यांतून त्या हरवलेल्या गिरणगावाकडे पाहतो. पुढे सुरभी शर्मा यांनी ‘बिदेसिया इन बंबई’मध्ये मुंबईतल्या भोजपुरी गाण्यांमागे जात नव्या स्थलांतरितांना गाठलं. चांगली कामं आहेत ही. तरी माझी तक्रार कायम आहे. मुंबईने मुंबईत आलेला माणूस पाहिला. परत गेलेला, ओटीवर बसून भिंतीवरच्या युनियनच्या बिल्ल्याकडे बघणारा माणूस फारच थोड्यांनी पाहिला.

1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि खेड, दापोली, राजापूर, म्हसळ्याकडून आखाताची वाट सुरू झाली. तेव्हा लोकांनी आपलं चित्रण आपणच केलं. लग्नाची व्हिडिओ कॅसेट कुवेतला जायची, तिकडून आवाज भरलेली ऑडिओ कॅसेट यायची. घरात सगळे टेपभोवती बसून ‘अब्बा काय म्हणतात’ ते ऐकायचे. या कॅसेटींना बुरशी लागायच्या आत त्या जमवल्या पाहिजेत. माहितीपटाला इतकी अस्सल सामग्री दुसरीकडे मिळायची नाही.

आता किनाऱ्याकडे माणसं येतात. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात; बागेतल्या पत्र्याच्या खोपीत राहतात, रात्री डबे वाजवून जनावरं हाकलतात, हंगामात झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवतात. मिरकरवाडा, हर्णैच्या बंदरात तांडेल (बोटीचा प्रमुख) इथला आणि खलाशी नेपाळचा, असं आता सर्रास दिसतं. जाळं विणता विणता फोन उभा करून ते गावच्या पोराशी बोलत असतात. हे चित्रित करायला आज रिळाचा खर्च नाही, फोन पुरतो. अडचण वेगळी आहे. बागायतदारासमोर किंवा बोटमालकासमोर विचारलं तर ‘सब ठीक है’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि हिंदीत विचारलं तर अर्धंच मिळतं. नेपाळी जाणणारा माणूस बरोबर हवा, मालक नसतानाची वेळ हवी, आणि काढलेलं चित्रण आधी त्यांनाच दाखवायला हवं, रूश यांनी दाखवलं तसं. 1 जूनला मासेमारी बंद होते, आंबाही तोवर संपत आलेला असतो, आणि यांतले पुष्कळजण गावाकडची गाडी धरतात. कॅमेरा त्या गाडीत त्यांच्यासोबत चढला, तर त्यांच्या बायकांचं, आईबापांचं म्हणणं पहिल्यांदा ऐकायला मिळेल, आणि कोकणातल्या बायकांना ते भाषांतराशिवायही बरंचसं कळेल.