सीईडी तबकडीवरील लेटरबॉक्स चित्रपट

अमेरिकेतील आरसीए कंपनीने २२ मार्च १९८१ रोजी 'सिलेक्टाव्हिजन' या नावाने एक घरगुती व्हिडिओ तबकडी बाजारात आणली. 'कपॅसिटन्स इलेक्ट्रॉनिक डिस्क' हे तिचे तांत्रिक नाव, म्हणून सीईडी. या तबकडीवर १९८४ पासून काही मोजके चित्रपट मूळ रुंद चौकटीत, पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून निघाले. संपूर्ण चित्रपट असा लेटरबॉक्स करून घरगुती व्हिडिओवर देण्याचा पहिला मान या तबकडीकडे जातो. गंमत अशी, की या कामाला तिच्याइतकी गैरसोयीची तबकडी शोधून सापडली नसती.

लेझरडिस्क या दुसऱ्या व्हिडिओ तबकडीवरचे चित्र प्रकाशकिरण वाचतो, सीईडीवरचे मात्र ग्रामोफोनप्रमाणे सुई. बारा इंची पीव्हीसी तबकडीत कार्बन मिसळून ती वीजवाहक केलेली असे. हिऱ्याच्या सुईवर टायटॅनियमचा पातळ थर असे आणि खाचेच्या तळाशी सूक्ष्म चढउतार असत. तबकडी मिनिटाला ४५० फेरे घेऊ लागली, की सुई आणि तळ यांच्यातील विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलत जाई. त्या बदलातून चित्र आणि आवाज उभा राही. एका बाजूवर फार तर तासभराचे चित्रण मावे. पूर्ण लांबीच्या चित्रपटात मध्येच उठून तबकडी उलटावी लागे. खाच इतकी बारीक, की एलपी रेकॉर्डच्या एका खाचेच्या रुंदीत अशा अडतीसेक खाचा बसाव्यात. तिला धूळ चालत नसे आणि बोटाचा स्पर्शही नाही. म्हणून तबकडी कायम प्लॅस्टिकच्या चपट्या पेटीत असे. ती पेटी यंत्रात पूर्ण सरकवायची आणि रिकामी बाहेर ओढायची. तबकडी आतच राही. विकत घेतलेली वस्तू मालकाच्या नजरेस जवळजवळ पडतच नसे.

त्या काळी व्हिडिओसाठी सिनेमास्कोप, म्हणजे अतिरुंद चौकटीचे, चित्रपट कापून दूरचित्रवाणीच्या ४:३ चौकटीत बसवत. कडेची पात्रे गळत, किंवा संवाद फिरेल तशी चौकट डावी-उजवीकडे सरकवत. श्रेयनामावलीची अक्षरे मात्र कापून चालण्यासारखी नव्हती. त्यामुळे सीईडीवर आधी सुरुवातीची आणि शेवटची नामावली अशा मोजक्या भागांपुरत्याच काळ्या पट्ट्या आल्या. नावे संपली, की चित्र पुन्हा पडदाभर.

१९८४ मध्ये इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा 'अमरकॉर्ड' सुरुवातीपासून शेवटपर्यंत लेटरबॉक्स होऊन आला. पाठोपाठ रॉबर्ट ऑल्टमनचा 'द लाँग गुडबाय', फिलिप द ब्रोकाचा 'किंग ऑफ हार्ट्स' आणि 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' हे चित्रपट तसेच निघाले. 'लाँग गुडबाय'ची निवड विशेष चपखल म्हणावी लागेल. त्यात कॅमेरा सतत हळूहळू सरकत असतो. त्यावर व्हिडिओवाल्यांची आणखी एक सरकवासरकव लादली, तर दिग्दर्शकाची हालचाल कोणती हेच कळेनासे होते. या प्रतींच्या लेबलावर कंपनी आपल्या नावीन्यपूर्ण वाइडस्क्रीन मास्टरिंग तंत्राचा उल्लेख करी. एरवी ग्राहक काळ्या पट्ट्या बघून संच बिघडला असे समजला असता.

या पट्ट्यांची किंमत चित्राच्या तपशिलात मोजावी लागे. अमेरिकी दूरचित्रवाणी पद्धतीच्या सुमारे ४८० दृश्य रेषांपैकी २.३५:१ चौकटीच्या चित्राला जेमतेम २७० मिळत. त्यातही सीईडीचा तपशील मुळात व्हीएचएस कॅसेटच्याच तोलाचा, लेझरडिस्कपेक्षा बराच कमी. लहान पडद्यावर दूरच्या दृश्यातला चेहरा ठिपक्याएवढा होई.

शिवाय मुहूर्तही चुकला होता. एप्रिल १९८४ मध्ये कंपनीने यंत्रांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. तोट्याचा आकडा सुमारे ५८ कोटी डॉलर सांगितला जातो. तबकड्या १९८६ पर्यंत निघत राहिल्या, पण त्या आधीच विकल्या गेलेल्या यंत्रांसाठी. नवे गिऱ्हाईक येणार नव्हते, आणि हे चित्रपटही घरोघरी खपणारे नव्हते. प्रती दुर्मीळ होण्याचे कारण यातच आहे. दरम्यान १९८५ मध्ये दिग्दर्शक वुडी ॲलनच्या आग्रहावरून 'मॅनहॅटन' कॅसेटवर रुंद चौकटीत आला. त्याच्या वर-खालच्या पट्ट्या काळ्या नव्हे, करड्या होत्या.

जुनी सीईडी आज हाती लागली, तरी ती धड चालेलच असे नाही. धूळ किंवा ओल पेटीत शिरली असेल, तर सुई खाच सोडून उड्या मारते आणि प्रसंग मधूनच गायब होतात.