उघडी खातेवही, तरी खाडाखोड जवळपास अशक्य

क्रिप्टोचलनाच्या नोंदी सांकेतिक भाषेत कुठेतरी दडवून ठेवलेल्या असतात, असं पुष्कळांना वाटतं. बिटकॉइनपुरतं तरी ते खरं नाही. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनचा (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा) प्रत्येक व्यवहार कुणालाही वाचता येतो, आणि या खातेवहीच्या पूर्ण प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत.

मग तिच्यात फेरफार का होत नाही? पहिला पहारा हॅशचा. एसएचए-२५६ ही गणिती रीत कितीही मोठ्या मजकुराचा २५६ बिटांचा ठसा काढते. मजकुरात एक स्वल्पविराम हलला, तरी ठसा पार बदलतो. ब्लॉकमधल्या व्यवहारांचे ठसे जोडीजोडीने एकत्र करत गेलं की शेवटी एकच उरतो. राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही रचना मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते: ४,०९६ व्यवहारांपैकी एखादा ब्लॉकमध्ये आहे हे पटवायला अवघे १२ ठसे पुरतात! हा शेवटचा ठसा, मागच्या ब्लॉकचा ठसा, वेळ आणि आणखी काही आकडे ८० बाइटांच्या शीर्षकात मावतात. मागचा ठसा पुढच्या ब्लॉकमध्ये असल्याने जुनी नोंद बदलली की तिथून पुढचे सगळे दुवे तुटतात.

पण ठसे नव्याने काढायला साध्या संगणकालाही क्षण पुरतो. म्हणून बिटकॉइनची अट आहे की शीर्षकाचा ठसा ठरलेल्या मर्यादेहून लहान हवा. तसा ठसा मिळेपर्यंत शीर्षकातला आकडा बदलत राहण्यावाचून मार्ग नाही, आणि त्यात प्रचंड वीज खर्च होते. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक पडावा म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर ही मर्यादा बदलते. इतिहास बदलू पाहणाऱ्याला तेव्हापासूनची सारी मेहनत पुन्हा करून बाकीच्यांना गाठावं लागतं. मोठी रक्कम घेणारे सहा ब्लॉक होईतो थांबतात ते यासाठीच.

जाळं लहान असेल, तर हा पहारा ढिला पडतो. ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिक या छोट्या क्रिप्टोचलनावर निम्म्याहून अधिक गणनशक्ती जमवून हल्लेखोरांनी झालेले व्यवहार उलटवले होते. इथेरियम या वेगळ्या, मोठ्या क्रिप्टोचलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये विजेऐवजी तारण ठेवलेल्या नाण्यांचा मार्ग धरला. लबाडी सापडली की तारण कापलं जातं.

नाणी खर्चायला मात्र गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही लागते. ती किल्ली चोरीला गेली, तर चोराचा व्यवहारही नियमाने वैध ठरतो. त्यामुळे चोरांचा रोख ब्लॉकच्या साखळीपेक्षा किल्ल्या सांभाळणाऱ्या एक्स्चेंजवर (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांवर) आणि वापरकर्त्यांवर अधिक असतो.