हवा सोडणारं बटण आणि हवा सोडणारी झडप

मेव्हण्याने फुगवायची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेतली, तेव्हा दुकानदाराने सोबत हवा मोजायचं गेजही गळ्यात मारलं. गेजच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘प्रेशर रिलीज व्हॉल्व्हसह’ असं छापलेलं. मे महिन्यातल्या एका रविवारी मुळशीच्या पाण्यावर सकाळचा फेरा मारून आम्ही कयाक काठावर ओढली आणि झाडाखाली जेवायला बसलो. कयाक मात्र उन्हातच. ‘गेज लावून ठेवलंय, दाब वाढला तर सुटेल हवा,’ मेव्हणा म्हणाला. मीही मान डोलावली. पिठलं-भाकरी संपायच्या आत ‘फट्’ असा दबका आवाज आला. कयाक फुटली नव्हती, पण तळाच्या आतले पडदे उसवले होते आणि सपाट तळाच्या जागी गाभण म्हशीच्या पोटासारखा फुगवटा आला होता.

गेज तसंच लटकत होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं आमचं, आणि थोडं खोक्यावरच्या त्या शब्दांचं. कारण ‘रिलीज व्हॉल्व्ह’ या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. दोन्ही हवाच सोडतात, पण एक तुम्ही दाबल्यावर सोडते आणि दुसरी तुम्हाला न विचारता. इथे पहिलीला बटण म्हणू, दुसरीला झडप.

कारच्या टायरचं डायलवालं गेज हातात घेऊन बघा. एका टोकाला नोझल, मग वीतभर रबरी नळी, पुढे डायल आणि डायलच्या मानेशी पितळेचं छोटंसं बोंड. नोझल टायरच्या व्हॉल्व्हवर दाबलं की आतली पिन खाली जाते आणि टायरमधली हवा नळीतून थेट डायलपर्यंत येते. त्या क्षणी टायर, नळी आणि डायल मिळून एकच भांडं झालेलं असतं. डायलच्या पोटात वाकवलेली चपटी धातूची नळी असते. यूजेन बूर्दों या फ्रेंच माणसाने तिचं पेटंट 1849 साली घेतलं. वाढदिवसाला मुलं फुंकतात ती कागदी पुंगी आठवा, फुंकलं की उलगडते. ही नळीही दाबाने तशीच उलगडू बघते, फक्त केसभर, आणि त्या केसभर हालचालीवर काटा फिरतो.

बोंड दाबलं की या भांड्याला बाजूने एक बारीक भोक उघडतं. बोट काढलं की आतली स्प्रिंग ते रबरी बुचाने बंद करते. बटण म्हणजे एवढंच. पण या एवढ्याशा सोयीने मोठा वैताग वाचतो. ज्यांच्या गेजला बोंड नाही त्यांनी आठवावं: नोझल काढा, खिळ्याने पिन दाबा, अंदाजाने फुस्स करा, परत नोझल लावा, आता दोन पौंड (म्हणजे खोक्यावरचे psi, दर चौरस इंचावरचे पौंड) कमीच झाली, आणा पंप. बटणवाल्या गेजमध्ये काट्याकडे बघत बघत हवा कमी करता येते. वाळूत जीप घालणारे लोक टायर 32 वरून 18–20 पर्यंत उतरवतात, तेव्हा चारही चाकांना सारखं माप देणं याच बोंडामुळे जमतं.

एक खोड सांगून ठेवतो. बोंड दाबलेलं असताना काटा खरं बोलत नाही. हवा वाहत असते, अरुंद नळीत तिचा दाब पडतो आणि काटा टायरपेक्षा कमी दाखवतो. 32 आले म्हणून बोट उचललंत, तर काटा चढून 33 वर जाऊन बसतो. म्हणून थोडं थोडं दाबायचं, सोडायचं, बघायचं. काही गेजमध्ये नोझल काढल्यावरही काटा जागेवर थांबतो, म्हणजे अंधाऱ्या पार्किंगमध्ये वाकून आकडा वाचावा लागत नाही. तिथे काटा शून्यावर आणायचं कामही हेच बोंड करतं.

बटणाचं सगळ्यात ओळखीचं भावंड डॉक्टरांच्या टेबलावर असतं. बीपी मोजायचा पट्टा हीसुद्धा फुगवायचीच वस्तू, आणि रबरी फुग्याच्या मानेशी असलेला स्क्रू म्हणजे तिचं बटण. पारा सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने उतरावा, असा दंडक आहे. स्क्रू एकदम सैल केला की काटा भर्रकन खाली येतो, कानातला पहिला ठोका नेमका कोणत्या आकड्यावर पडला ते कळत नाही आणि बीपी चुकीचं लागतं. म्हणजे इथे हवा सोडणं हाच मोजण्याचा भाग आहे. फुटबॉलच्या पंचांनाही बटणवालं गेज बरं पडतं. नियमाप्रमाणे चेंडूत 0.6 ते 1.1 वातावरण इतका दाब हवा, म्हणजे साधारण साडेआठ ते साडेपंधरा पौंड. जास्त निघाला तर तिथल्या तिथे उतरवता येतो.

आता झडप. तिला डायल नाही, नोझल नाही आणि बहुतेक वेळा हात लावायलाही काही नाही. बोटीच्या तळाला रुपयाएवढी प्लास्टिकची चकती बसवलेली दिसते. आत एक रबरी तबकडी आणि तिला भोकावर दाबून धरणारी स्प्रिंग. स्प्रिंगची ताकद कारखान्यातच ठरते. आतल्या हवेचा जोर तिच्याहून वाढला की तबकडी उचलली जाते, हवा सूं करत निघते, जोर उतरला की तबकडी परत बसते. तबकडीखालचं भोक 2 सेंटिमीटर व्यासाचं आणि दाब पाव बार (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण) असेल, तर हिशोबाने तिच्यावर 800 ग्रॅम जोर येतो. म्हणजे स्प्रिंग तेवढ्याला तोलून धरणारी हवी.

हिचं कूळ गेजपेक्षा जुनं आणि मराठी घराच्या जास्त जवळचं आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत वाफेवर हाडं शिजवणारं बंद भांडं दाखवलं. ते भांडं फुटू नये म्हणून त्याने तरफेला वजन टांगून वाफेची वाट दाबून ठेवायची युक्ती काढली. आपली कुकरची शिट्टी ही त्या युक्तीची पणतीच म्हणायची. शिट्टीखालचं भोक 3 मिलिमीटरचं धरलं, तर वातावरणाइतका जादा दाब तोलायला सत्तरेक ग्रॅमचं वजन पुरतं. दाब त्यापुढे गेला की शिट्टी आपसूक उचलली जाते, आपण ओट्याजवळ असू किंवा शेजारी गप्पा मारत असू. ही झाली झडप. आणि डाळ लवकर हवी म्हणून उलथन्याच्या टोकाने शिट्टी उचलून वाफ काढतो, ते झालं बटण. वस्तू तीच, पण हात कोणाचा यावर सगळं अवलंबून. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा आणखी तिसराच प्रकार. तो फार तापला की वितळतो आणि एकदा गेला की बदलावाच लागतो. त्याच्या वाटेला आज जात नाही.

मग टायरला झडप का नसते आणि बोटीला का लागते? इथे मला स्वतःला कागद-पेन घेऊन बसावं लागलं. बंद हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो (तापमान इथे उणे 273 अंशांपासून मोजायचं), पण गेजवरच्या आकड्यात बाहेरच्या वातावरणाचे 14.7 पौंड मिळवून जो एकूण दाब होतो, तो त्या प्रमाणात वाढतो. 30 अंशांना 32 पौंड भरलेला टायर 55 अंशांपर्यंत तापला, तर आकडा 36 च्या जवळ जातो. म्हणजे वाढ आठव्या हिश्श्याएवढी. टायर त्याहून बऱ्याच जास्त दाबासाठी बांधलेला असतो, त्याला फिकीर नाही. आता साडेतीन पौंड भरलेली बोट घ्या. तेवढीच तापली तर आकडा पाचवर पोहोचतो, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वाढ! वातावरणाचे 14.7 पौंडही तापवण्यात सामील असतात, आणि बोटीच्या इवल्याशा साडेतीनसमोर त्यांचा वाटा अवाढव्य ठरतो. मऊ, कमी दाबाची वस्तू निरुपद्रवी वाटते, पण उन्हात आधी तिचाच घात होतो. आमच्या कयाकचं नेमकं हेच झालं. बोट काळ्या रबराची असेल तर 55 अंशही कमीच.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला गेला असाल तर तुम्ही या झडपेवर पाय ठेवलेला असण्याची बरीच शक्यता आहे. आत आलेलं पाणी आपोआप बाहेर काढणाऱ्या राफ्टचा तळ वेगळा फुगवलेला असतो, आतून पडद्यांनी बांधलेला, आणि पहिल्यांदा उसवतो तो तोच. म्हणून झडप सहसा तळालाच असते, अडीच पौंडांच्या आसपास उघडणारी. कडेच्या जाड नळ्यांना बऱ्याचदा नसते. तिथे गाइड तळहाताने थापटून, नाहीतर गेज लावून बघतो आणि जास्त वाटली तर सोडतो. एकाच राफ्टवर दोन्ही पद्धती सुखाने नांदतात.

झडप आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तसंही नाही. ती हवा सोडते, परत भरत नाही. दुपारी 55 अंशांना अडीच पौंडांवर थांबलेला तळ संध्याकाळी 25 अंशांच्या पाण्यात उतरवला, तर आकडा एक पौंडाच्याही खाली येतो आणि पायाखाली गोधडी तुडवल्यासारखं वाटतं. लोकांना वाटतं पंक्चर झालं. एकाने सूं आवाज ऐकून झडपेवरच ठिगळ चिकटवलेलं मी पाहिलंय! खरी गळती बहुतेकदा तबकडीखाली अडकलेल्या वाळूच्या कणाची असते. गोड्या पाण्याने धुतलं, तबकडी दोनदा बोटाने टिचकावली की थांबते.

बटणाचीही अशीच फसवणूक आहे, फक्त दोष बोटाचा. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर तासभर गाडी पळवून फूडमॉलला थांबायचं, गेज लावायचं, 36 बघून घाबरायचं आणि बोंड दाबून 32 वर आणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरमध्ये जेमतेम 28 उरतात. गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा गार टायरचा असतो. गरम टायरची हवा काढायची नाही, मे असो की पौष.

विकत घेताना ओळखायचं कसं? गेजवर, नळीवर किंवा पंपाच्या मुठीवर असलेलं ते बटण, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. वस्तूच्या अंगात कायमची बसवलेली ती झडप, आणि तिच्या कागदपत्रांत उघडण्याचा आकडा शोधा. आकड्यासोबत एकक मात्र नीट बघा. 0.25 बार म्हणजे 3.6 पौंड, आणि 2.5 पौंड म्हणजे 0.17 बार. 25 हा आकडा दोन्हीकडे आहे म्हणून अनेकांची गल्लत होते. जत्रेतल्या फुगवलेल्या घसरगुंडीला मात्र यातलं काहीच लागत नाही. तिचा पंखा सतत हवा भरतो आणि शिवणीतून ती सतत गळते, त्यामुळे दाब वाढायला जागाच नाही. जुन्या सायकलच्या वॉलट्यूबवाल्या, म्हणजे भोकावर बारीक रबरी नळी चढवलेल्या, व्हॉल्व्हलाही गेज लावून उपयोग नाही. रबर आतली हवा परत बाहेर येऊच देत नाही, तर काटा हलणार कसा. तिथे अंगठ्याने टायर दाबून बघणंच खरं.

मेव्हण्याने दुसरी कयाक घेतली, या वेळी तळाला झडप असलेली. मागच्या महिन्यात परत मुळशीला गेलो. जेवताना ती दोनदा फुसफुसली, मेव्हण्याने दोन्ही वेळा घास थांबवून माझ्याकडे बघितलं. चार वाजता पाण्यात ढकलली तेव्हा तळ लिबलिबीत झाला होता. जुनं गेज लावून, काटा बघत, बारा पंप मारावे लागले. तेराव्याला झडप परत बोलली, तेव्हा थांबलो.