डिप्लोमा मिळेल, पण ए-जी पूर्ण झालं का?

कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी घरांत बारावीच्या नोव्हेंबरमध्ये, युनिव्हर्सिटीचे अर्ज भरायला बसल्यावर, एक प्रश्न हमखास निघतो. 'मुलगी सगळ्या विषयांत पास आहे, शाळा डिप्लोमा देणार म्हणते, मग यूसीसाठी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी) ती पात्र कशी नाही?' तोवर फार उशीर झालेला असतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलीचं यात काही चुकलेलं नसतं. घरातल्यांनी दोन वेगळ्या याद्यांना एकच यादी समजलेलं असतं, एवढंच.

पहिली यादी राज्याच्या कायद्याची. एज्युकेशन कोडच्या कलम ५१२२५.३ नुसार हायस्कूलचा डिप्लोमा मिळवायला इंग्रजी ३ वर्षं, गणित २ वर्षं (त्यात अल्जिब्रा १ आलंच पाहिजे), विज्ञान २ वर्षं, इतिहास-नागरिकशास्त्र-अर्थशास्त्र मिळून ३ वर्षं, शारीरिक शिक्षण २ वर्षं लागतं. शिवाय कला, परकीय भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी एकाचं १ वर्ष. एकूण वर्षभराचे १३ कोर्स. ही किमान मर्यादा आहे. स्थानिक डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, तीत भर घालतं आणि बहुतेक ठिकाणी घालतंच. पूर्वी डिप्लोमासाठी राज्याची वेगळी परीक्षाही द्यावी लागे. ती २०१५ मध्ये स्थगित झाली आणि पुढे रद्दच झाली.

दुसरी यादी विद्यापीठांची. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, या दोघांनी प्रवेशासाठी मागितलेले सात विषयगट. त्यांना ए ते जी अशी अक्षरं दिली आहेत, म्हणून नाव ए-जी. इतिहास २ वर्षं, इंग्रजी ४, गणित ३, प्रयोगशाळेसह विज्ञान २, इंग्रजीव्यतिरिक्त एक भाषा २, कला १ आणि ऐच्छिक १. एकूण १५ कोर्स. यूसीसाठी त्यांतले ११ अकरावी संपेपर्यंत झालेले हवेत.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. कायद्याला गणित २ वर्षं पुरतं, विद्यापीठाला ३ लागतात, आणि ४ असतील तर अधिक बरं. कायद्यात भाषा हा तीन पर्यायांतला एक आहे, ए-जीमध्ये तिची २ वर्षं सक्तीची. उलट शारीरिक शिक्षण कायद्यात आहे आणि ए-जीमध्ये त्याचा मागमूस नाही. म्हणजे एक यादी पूर्ण केली की दुसरी आपोआप होते, असं नाही.

खरा घात विषयांपेक्षा ग्रेडमध्ये आहे. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये डी, म्हणजे पास होण्याची सगळ्यात खालची ग्रेड, मिळाला तरी क्रेडिट मिळतं आणि डिप्लोमाच्या हिशोबात तो कोर्स बसतो. ए-जीमध्ये सी किंवा त्याहून वरची ग्रेडच चालते. आपल्याकडे बारावी ३५ गुणांवर पास होता येतं, पण इंजिनिअरिंगला खुल्या गटातून जायचं तर ठरलेल्या विषयांत मिळून ४५ टक्के लागतात. पास आणि पात्र यांतलं हे अंतर ज्यांनी सोसलंय, त्यांना डी आणि सी यांतला फरक चटकन कळेल.

डी आला म्हणून सगळं संपत नाही. गणितात आणि भाषेत पुढचा कोर्स मागची चूक भरून काढतो: अल्जिब्रा १ मध्ये डी असेल आणि अल्जिब्रा २ मध्ये सी आला, तर विद्यापीठ मागचं पूर्ण झालं असं धरतं. इंग्रजी आणि इतिहासात ही सोय नाही. तो कोर्स उन्हाळी वर्गात किंवा कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) पुन्हा करावा लागतो. आणि कोर्सचं नुसतं नाव पाहून निश्चिंत राहू नये. त्या शाळेचा तो कोर्स यूसीने मंजूर केलेल्या यादीत असायला हवा. प्रत्येक शाळेची ही यादी यूसीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

मग शाळेची जबाबदारी कुठवर? कलम ५१२२८ डिस्ट्रिक्टला सांगतं की यूसी-सीएसयूसाठी लागणारे कोर्स आणि नोकरीसाठी लागणारी प्राथमिक कौशल्यं, दोन्ही शिकण्याची संधी द्या. कलम ५१२२९ सांगतं की नववी ते बारावीच्या पालकांना दरवर्षी लेखी कळवा: विद्यापीठांच्या अटी काय, व्यवसाय शिक्षण म्हणजे काय, काउन्सेलरला (शाळेतल्या मार्गदर्शकाला) कसं भेटायचं. म्हणजे कायदा कोर्स उपलब्ध करून देण्याची सक्ती करतो, ते घेण्याची करत नाही. सॅन होजे, लॉस एंजेलिस अशा काही डिस्ट्रिक्टनी ए-जीचे विषयच डिप्लोमासाठी आवश्यक केले आहेत, पण सगळ्यांनी नाही. ते वार्षिक पत्र बहुतेक घरांत न वाचताच कागदांच्या ढिगात जातं. ते वाचा, आणि नववीतच ट्रान्सक्रिप्ट (घेतलेले कोर्स आणि ग्रेड यांचा उतारा) घेऊन काउन्सेलरसमोर बसा.

ए-जी पूर्ण म्हणजे प्रवेश पक्का, असंही नाही. राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी यूसी किमान ३.० जीपीए (ग्रेडची सरासरी) मागते, आणि तो दहावी-अकरावीच्या ए-जी कोर्समधून काढते. नववीच्या ग्रेड त्या सरासरीत येत नाहीत, पण सीची अट नववीलाही आहे. अनेकजण इथेच फसतात.

ज्यांचं ए-जी राहूनच गेलं, त्यांच्यासाठी कम्युनिटी कॉलेजचा दरवाजा उघडा आहे. तिथे ए-जी कोणी विचारत नाही. दोन वर्षं नीट अभ्यास करून ६० युनिट्स (कॉलेजच्या कोर्सचे क्रेडिट) जमवायची आणि यूसी किंवा सीएसयूमध्ये तिसऱ्या वर्षाला जायचं. या वाटेला कमी लेखणारे लोक आपल्यात बरेच आहेत, आणि ते चूक आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी आणखी एक. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजीऐवजी दुसऱ्या भाषेच्या माध्यमात सी किंवा वरच्या ग्रेडने झाली असतील, तर यूसी भाषेची अट पूर्ण धरते. म्हणजे सातारा-नांदेडकडच्या शाळेतून आठवीनंतर इकडे आलेल्या मुलाला स्पॅनिश घ्यावंच लागतं असं नाही. त्यासाठी तिकडच्या शाळेच्या गुणपत्रिका लागतील, तेव्हा सामान बांधताना त्या हातातल्या बॅगेत ठेवा.