दिवाळीतला किल्ला आला कुठून

सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून पोरं घरी आली की दप्तर कोपऱ्यात जातं आणि माती कुठून आणायची याची चर्चा सुरू होते. हे महाराष्ट्रात इतकं ठरलेलं आहे की किल्ला हा दिवाळीचाच विधी असल्यासारखं आपण धरून चालतो. पण कॅलेंडरच्या मागच्या पानावर दिवाळीचं जे शास्त्र छापलेलं असतं ना, वसुबारस, धनत्रयोदशी, नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, त्यात किल्ला कुठेच नाही. त्याला मुहूर्त नाही, पूजा नाही, गुरुजी नाहीत, नैवेद्य नाही, सोवळंओवळं नाही. मोठ्यांनी करायचं असं त्यात काहीच नाही. सगळ्या सणात पोरांच्या पूर्ण ताब्यातली हीच एक गोष्ट, आणि मला वाटतं म्हणूनच ती इतकी टिकली आणि प्रत्येक पिढीत बदलतही गेली.

दिवाळीत अंगणात माती-शेणाचं काहीतरी घडवायचं ही सवय मात्र किल्ल्यापेक्षा खूप जुनी आहे. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या गावांत वसुबारसेपासून घरापुढे शेणाच्या गवळणी मांडतात आणि पाडव्याला शेणाचे पाच पांडव करतात, त्यांना झेंडूची फुलं खोचतात, आणि हे करायला आज्जीच्या शेजारी पोरं बसलेलीच असतात. उत्तरेत मथुरा-वृंदावनकडे त्याच दिवशी शेणाचा गोवर्धन पर्वत करतात. म्हणजे बलिप्रतिपदेला दारात छोटा डोंगर, छोटी गुरं, छोटी माणसं हे चित्र शेतकऱ्याच्या घरात आधीपासून होतंच. त्यात हंगामही असा की खरीप निघत आलेलं, पाऊस नुकताच सरलेला, माती अजून ओली आणि हाताला चिकटणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी किल्ला करत नाही, कारण मे महिन्यात ती माती फुफाटा झालेली असते, तिचा बुरूज उभाच राहत नाही.

आता डोंगराचा किल्ला का झाला, तर सह्याद्रीच्या पायथ्याला वाढलेल्या पोराला डोंगर म्हटलं की त्याच्या माथ्यावर तट दिसतोच. पुण्याहून सिंहगड दिसतो, साताऱ्यात तर अजिंक्यतारा डोक्यावरच आहे, जुन्नरला शिवनेरी, कोल्हापूरजवळ पन्हाळा. आणि हे नुसते डोंगर नव्हते, घराघरातली माणसं तिथे नोकरीला होती, गडाचा हवालदार, सबनीस, सरनोबत, पहारेकरी, आणि घेऱ्यातल्या गावांना गडाची कामं नेमून दिलेली. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्र हा राज्यकारभारावरचा ग्रंथ लिहिला त्यात एक वाक्य आहे, "संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग". त्यांनी पुढे जे सांगितलंय ते वाचताना मला दरवेळी अंगणातला किल्ला आठवतो, कारण ते म्हणतात आधी पाणी बघा आणि मग किल्ला बांधा, आणि गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष आहे, दोन-तीन दरवाजे ठेवा आणि चोरदिंड्याही, म्हणजे लपलेले छोटे दरवाजेही ठेवा. आता कुठलाही आठ वर्षांचा मुलगा किल्ला करताना पहिलं काय करतो? तळ्यासाठी श्रीखंडाचा डबा पुरतो, आणि मागच्या बाजूने कुणाला दिसणार नाही अशी एक चोरवाट काढतो. त्याला कुणी आज्ञापत्र वाचून दाखवलेलं नसतं.

तरी आज आपण ज्याला दिवाळीचा किल्ला म्हणतो, म्हणजे माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज, दोन्ही बाजूला मावळे, भगवा झेंडा, त्या रूपाला इतिहासातलं एक मोठं वळण कारण आहे असं माझं ठाम मत आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले आणि १२ राहिले, पुढच्या काही वर्षांत ते एकेक करून परत घेतले, ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण १८१८ आपण फारसं बोलत नाही. त्या वर्षी मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या, वाडे जळाले, गड पडला. आणि त्यानंतर त्यांनी नाशिक-नगरकडच्या कितीतरी गडांच्या कातळातल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे पुन्हा कुणी वर जाऊन बंड करू नये. ज्यांनी अलंग-मदन-कुलंग हे तीन गड केलेत त्यांना हे माहीत आहे, अलंग आणि मदनवर आजही दोर लावून चढावं लागतं. पिढ्यान् पिढ्या ज्या गडांवर राबता होता ते ओस पडले, रायगडावरच्या महाराजांच्या समाधीवर झाडझुडूप माजलं.

मग लोकांनी गड परत मनात आणला. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. १८९५ मध्ये टिळकांनी केसरीतून समाधीच्या दुरुस्तीसाठी निधीची हाक दिली आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला, हा काळ सार्वजनिक गणेशोत्सवाचाही आहे हे लक्षात घ्या, म्हणजे घरातल्या आणि चौकातल्या सणात इतिहास येऊन बसायला लागला तो काळ. प्रत्यक्ष गड सरकारच्या ताब्यात होता पण अंगण आपलंच होतं ना. शेणामातीच्या जुन्या खेळात महाराज येऊन बसले ते याच सगळ्या हवेत, असं मला वाटतं.

पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर तर जोरच चढला. १९५७ मध्ये प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झालं, १९६० ला महाराष्ट्र राज्य आलं, लेखक गो. नी. दांडेकर म्हणजे गोनीदांसारखी माणसं आयुष्यभर गड हिंडली आणि तरुण पोरांना हिंडायला लावलं, १९७४ ला राज्याभिषेकाची तीनशे वर्षं साजरी झाली. पण यातलं घराघरात पोचलेलं सगळ्यात मोठं कारण म्हणाल तर चौथीचं इतिहासाचं पुस्तक. अख्खं वर्ष एकच विषय, शिवाजी महाराज! दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पोरांचं अर्धं पुस्तक झालेलं असायचं, डोक्यात अफजलखान, बाजीप्रभू, तानाजी घुमत असायचे, आणि नेमकं तेव्हा हातात तीन आठवडे आणि ओली माती. त्यामुळे चौथीतल्या पोराचा किल्ला बहुतेक प्रतापगड, पायथ्याला कापडाचा शामियाना आणि त्यात खान. थोडं मोठं झालं की राजगड, कारण त्याच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या तीन दिशांना काढायच्या आणि मधे बालेकिल्ला, हे करायला हात बसलेला लागतो. कोकणातली पोरं सिंधुदुर्ग करायची, चारी बाजूने चर खणून पाणी सोडायचं, ते तासाभरात जिरायचं, पुन्हा बादली.

वाड्यांच्या आणि चाळींच्या काळात जी पद्धत बसली ती आजही जवळपास तशीच आहे. तळाला विटा, दगड, फुटकी कौलं, जुनी खोकी, त्यावर गोणपाट चिखलाच्या पाण्यात चांगलं बुडवून पसरायचं म्हणजे डोंगराच्या घड्या आपोआप पडतात, मग वरून माती लिंपायची, दगड चाळून काढायचे, आणि थोडं सुकलं की गेरूचा हात. हिरवळीसाठी अळीव, ते टाकायचं पहिल्या दिवशीच कारण उगवायला तीन-चार दिवस लागतात. मोहरीपण चालते. गहू लवकर टाकला तर छान उंच होतो पण मग मावळे दिसेनासे होतात. ज्याला घाई असते तो लाकडाचा भुसा हिरवा रंगवून टाकतो पण अळीवाची मजा त्याला नाही. पायऱ्या चमच्याच्या दांड्याने काढायच्या, वाटा पांढऱ्या रांगोळीच्या, तटाला काडीने जंग्या म्हणजे मारा करायची भोकं पाडायची, गुहेत वाघ. कारंजं करायला सलाईनची बाटली आणि नळी, बाटली खिडकीच्या गजाला उंच टांगायची आणि नळी किल्ल्याच्या पोटातून तळ्यात. उंचीवरून पाणी दाबाने कसं येतं हे कितीतरी पोरं शाळेच्या आधी इथे शिकली. परतीचा पाऊस आला की मध्यरात्री प्लास्टिक घेऊन धावायचं. आणि दिवाळी संपली की काहीजण तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचे आणि काहीजण भाऊबीजेच्या रात्रीच उरलेला सुतळी बॉम्ब बालेकिल्ल्यात ठेवून मोकळे.

चित्रांचा म्हणजे मातीच्या बाहुल्यांचा वेगळाच इतिहास आहे. पुण्यात कसबा पेठेतला कुंभारवाडा, कोल्हापुरात गंगावेशीची कुंभार गल्ली, गणपती उरकले की तिथे मावळे मांडले जातात. महाराज, तोफा, भालदार, घोडेस्वार हे तर असतातच पण त्याच टोपलीत भाजीवाली, वासुदेव, बँडवाले, शेतकरी, विहिरीवरची बाई हेही असतं. म्हणजे गडासोबत पायथ्याचं गावही येतं, आणि ते बरोबरच आहे कारण गाव नसेल तर गड जगत नाही. डोक्यावर हंडे घेतलेली गवळण तर हवीच, तिला बऱ्याच घरांत हिरकणी म्हणतात. रायगडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा घरी तान्हं बाळ होतं म्हणून रात्री कडा उतरून गेली ती हिरकणी, बुरुजाला तिचं नाव आहे. लढाईच्या एवढ्या सगळ्या गोष्टींत पोरांना ही आईची गोष्ट लक्षात राहते हे मला फार आवडतं. दरवर्षी दोन-चार चित्रं नवीन घ्यायची, बाकीची पेपरात गुंडाळून माळ्यावर. त्यामुळे एकाच किल्ल्यावर आजोबांच्या काळातला रंग उडालेला मावळा आणि यावर्षीचा चकचकीत मावळा शेजारी उभे असतात. शिवाय पोरांचं स्वतःचं सामान असतं, प्लास्टिकचं हेलिकॉप्टर, क्रिकेट टीम, डायनासोर, रेल्वे. मोठी माणसं यावर चिडतात. चिडू नका हो. त्यांच्या राज्यात त्यांना जे मौल्यवान वाटतं ते त्यांनी गडावर आणून ठेवलंय.

मोठा बदल झाला तो वाडे पडून फ्लॅट आले तेव्हा. अंगण गेलं, माती विकत आणायची वेळ आली, मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक किल्ला सुरू झाला. यात एक चांगलं झालं, पूर्वी किल्ला म्हणजे मुलग्यांचा आणि रांगोळी मुलींची अशी जी वाटणी असायची ती मोडली, आता बुरूज लिंपायला मुलीही तेवढ्याच असतात आणि बऱ्याचदा नकाशा घेऊन सूचना देणारी तीच असते. स्पर्धाही वाढल्या, त्यामुळे कोणता गड, त्याचे दरवाजे कुठे, तलाव कुठे हे बघून हुबेहूब करायची चढाओढ लागली, पोरं रायगडाचा गंगासागर आणि हत्ती तलाव योग्य जागी दाखवायला लागली. हे चांगलंच आहे. पण स्पर्धा आली की आईवडील हातात गिलावा घेतात आणि पोरं बाजूला उभी राहून बघतात हेही मी खूप ठिकाणी बघितलंय आणि मला ते पटत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचा रेडीमेड किल्ला तर त्याहून वाईट, पिशवीतून काढला, बाल्कनीत ठेवला, संपलं. जागा नसेल तर परातीएवढा करा, कुंडीत करा, पण नखात माती जाऊ दे.

गोव्यात दिवाळीत पोरांचे हात वेगळ्या कामात असतात, तिथे वाड्यावाड्यात गवत-कागदाचा नरकासुर उभा राहतो आणि चतुर्दशीच्या पहाटे तो जाळतात. पण बेळगावात किल्ला जोरात असतो, गल्लोगल्ली. बडोद्याच्या मराठी घरांतही तो आहे, आणि परदेशात राहणारी मराठी कुटुंबं तिकडच्या थंडीत गॅरेजमध्ये पुठ्ठ्याचा का होईना करतात, कारण मुलांना महाराजांबद्दल सांगायला यापेक्षा सोपी जागा सापडत नाही.

आणि आता ताजी गोष्ट. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. पोरांसाठी विषयांची यादीच मिळाली म्हणा. ज्यांना दरवर्षी रायगड करून झालाय त्यांनी लोहगड घ्या, त्याचा विंचूकाटा म्हणजे लांबच लांब सोंड, ती काढायला मजा येते. खांदेरी घेतला तर बेट करावं लागेल. आणि जिंजी तर नक्की घ्या, कारण तो आपल्या अंगणात फारसा कुणी केलेला नाही आणि गोष्ट जबरदस्त आहे, संभाजी महाराजांनंतर राजाराम महाराज १६८९ मध्ये इथून निसटून थेट तिथे पोचले आणि पुढे कितीतरी वर्षं मोगलांचा वेढा झेलत राज्य तिथून चाललं. करताना एकच लक्षात ठेवा, जिंजी एका डोंगरावर नाही, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आहेत आणि तिन्हींना जोडणारा तट आहे, त्यामुळे गोणपाटं जास्त लागतील आणि जागाही, पार्किंगमधल्या एक-दोन स्कूटर हलवायला आधीच सांगून ठेवा.